अदलाबदल

एप्रिलमध्ये हेलेदने ते कोकरू निवडलं तेव्हा
मी म्हणालो, हे नको, याच्या पुढच्या पायात खोट आहे.
ती म्हणाली, मला हेच.
बारा वर्षांच्या भाचीशी वाद घालायला वेळ कुणाला होता?
मेंढ्या वीत होत्या,
दोन रात्री मी बूट काढले नव्हते.

नाव ठेवलं ब्रियालेन.
आमच्या वेल्श भाषेत ते बांधावरचं फिकट पिवळं फूल,
थंडी पुरती जायच्या आत उगवणारं.
कोकरू काळ्या पोटाचं, डोळ्यांवर दोन काळे पट्टे.
फुलासारखं त्याच्यात काहीही नव्हतं.

पहिल्या दिवशी म्होरकी चढवली
आणि ब्रियालेनने तिला खाजऱ्या झुडपांतून
थेट फाटकापर्यंत फरफटत आणलं.
मी फाटकावर बसलो होतो. उतरलो नाही.
एवढंच म्हणालो,
ओढू नकोस. तू ओढलंस की ती ओढणार.
उभी राहा नुसती. तिला कंटाळा येऊ दे.

मेंढीला कंटाळा आणणं सोपं नसतं.
आधी आपण कंटाळायचं,
मग त्याच्याही पलीकडे जायचं,
जिथे पाऊस अंगावर पडतोय हेसुद्धा
बातमीसारखं ऐकू येतं.

मे, जून. शाळेची बस गेली की दोघी रस्त्यावर.
बंद पडलेल्या प्रार्थनाघरापर्यंत आणि परत.
हेलेद तिच्याशी सारखी बोलायची.
काय, ते मला कळलं नाही.
माझी गाडी जवळ आली की दोघी गप्प.
तिचा बाप समुद्रातल्या पवनचक्क्यांवर,
महिना महिना घरी नसतो.

मला जे येत होतं ते मी दिलं:
हात जबड्याखाली, गळ्यावर नाही.
चार पाय टेबलासारखे.
परीक्षक जिकडे, त्याच्या उलट बाजूला तू.
आणि पाठ हाताने बघ, बोटं आत घालून,
लोकर खोटं बोलते.

ऑगस्टच्या जत्रेत तिने कोट घातला होता मामेभावाचा,
बाह्या दोनदा दुमडून.
रिंगणात सात पोरं, सात मेंढरं.
परीक्षक मिसेस प्रॉबर्ट, सीमेपलीकडच्या,
चालताना काठी टेकत नाहीत, रोखतात.
वरच्या जबड्यात पुढचे दात किती?
दोघं मोजायला वाकले.
हेलेद म्हणाली, एकही नाही.
तुझ्या मेंढीत दोष काय?
गेथिन म्हणाला, काही नाही.
हेलेद म्हणाली, पुढचा डावा पाय आत वळतो.
मला आधीपासून माहीत होतं.

मग बाई म्हणाल्या, आता दोर बदला.

हे मी तिला सांगितलंच नव्हतं.
विसरलो म्हणू? विसरलोच.

गेथिनचा टेक्सेल मेंढा कपाटाएवढा.
तो ओढू लागला. ती उभी राहिली.
तो ओढत राहिला. ती उभीच.
शेवटी त्याने मान खाली घालून
तिच्या बुटाचा वास घेतला.

आणि पलीकडे ब्रियालेन
गेथिनच्या हातात, मान वर, पाय टेबलासारखे,
चालली, वळली, थांबली.
एकदाही मागे बघितलं नाही.

हेलेदचं तोंड मी तेव्हा पाहिलं.
ती माझ्याकडे बघत नव्हती.

तिसरा नंबर. पिवळी फीत.
पूल येईपर्यंत गाडीत ती बोलली नाही.
मग म्हणाली, दोर कुणाच्या हातात आहे
हे तिला कळलंच नाही, इद्वालमामा.
मी म्हणालो, कळलं असणार.
वायपर चालू केला. काच कोरडी होती.

घरी तिने म्होरकी काढली.
ब्रियालेन तिथेच थोडा वेळ उभी,
मग एक घास गवत, मग पुढचा,
मग उतारावरच्या कळपात
चाळीस पट्ट्यांमधला एक पट्टा.

हेलेद फाटकावर चढून बसली,
मी बसायचो त्याच फळीवर.
जागा होती शेजारी.
मी उभाच राहिलो.